वाचकांचे प्रश्न : मंचावर नेण्याजोगा यूएसबी ऑडिओ इंटरफेस कसा पारखावा?

या वेळी निवडलेले सर्व प्रश्न एकाच उपकरणाविषयी आहेत. लॅपटॉप, टॅबलेट किंवा फोन सोबत घेऊन प्रत्यक्ष कार्यक्रम करणारे गायक-वादक आता पुष्कळ आहेत. मायक्रोफोनचा आवाज संगणकापर्यंत आणि संगणकातला आवाज मंचावरच्या मिक्सरपर्यंत पोहोचवणारा छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस त्यांच्या सामानात हमखास असतो. या उपकरणांची परीक्षणे मात्र बहुधा घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना नजरेसमोर ठेवून लिहिलेली असतात, आणि ती वाचून मंचासाठी निवड करायला निघालेल्यांचा गोंधळ उडतो. पत्रांत तोच गोंधळ दिसला, म्हणून हा विषय एकत्र घेतला आहे.

प्रश्न : मी गातो आणि गिटार वाजवतो. गिटारचा आवाज लॅपटॉपमधील इफेक्टमधून जातो आणि सोबत कीबोर्ड व बास यांचे आधी तयार केलेले ट्रॅक वाजतात. आता एक ड्रमवादक आमच्यात येत असून त्याला ताल धरण्यासाठी क्लिक ऐकवावा लागणार आहे. दोन इनपुट व दोन आउटपुट असलेल्या एका छोट्या इंटरफेसच्या प्रीअँपची (मायक्रोफोनचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागाची) सर्वत्र वाखाणणी ऐकली आहे. तो घेणे योग्य ठरेल का?

उत्तर : आपल्या गरजेला तो अपुरा पडेल, आणि त्याचे कारण प्रीअँपमध्ये नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत इंटरफेसची परीक्षा त्याच्या इनपुटवरून होते. मंचावर ती आधी आउटपुटवरून करावी. श्रोत्यांना काय ऐकू जावे, वादकांच्या कानांत काय जावे आणि कोणता आवाज कोणत्या परिस्थितीत श्रोत्यांपर्यंत मुळीच पोहोचू नये, हे सगळे आउटपुट किती आहेत आणि ते परस्परांपासून खरोखर स्वतंत्र आहेत का, यावर ठरते.

दोन आउटपुटांवर क्लिकची सोय करण्याची एक जुनी युक्ती आहे. सगळे संगीत मोनो करून डाव्या आउटपुटला द्यायचे, क्लिक उजव्या आउटपुटला द्यायचा, डावी केबल मिक्सरला आणि उजवी ड्रमवादकाच्या हेडफोन अँपला जोडायची. केवळ ट्रॅक वाजवणाऱ्यांचे त्यावर भागते. आपल्याला मात्र त्याच दोन आउटपुटांतून गिटारही काढायची आहे, शिवाय ड्रमवादकाला क्लिकसोबत ट्रॅकही ऐकू यायला हवेत. अशा जुळणीत क्लिकच्या ट्रॅकचा पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे जावा हे ठरवणारी खूण) मध्यावर राहून गेला तरी क्लिक सरळ सभागृहात वाजतो. चार आउटपुट असतील तर १ आणि २ वर श्रोत्यांसाठीचा आवाज आणि ३ व ४ वर वादकांच्या कानांसाठीचा, अशी स्वच्छ विभागणी करता येते. ही विभागणी एकदा प्रोजेक्टमध्ये जतन करून ठेवली की कार्यक्रमाच्या धांदलीत तिला हात लावावा लागत नाही.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी लागते. ‘चार आउटपुट’ असे खोक्यावर छापलेले असले तरी ती मोजणी कशी केली आहे, याचा खुलासा तेथे नसतो. काही उपकरणांत दोन लाइन आउटपुट आणि हेडफोनचे डावे-उजवे मिळून चार मोजलेले असतात. काहींत लाइन आउटपुट खरोखर चार असतात, पण हेडफोनची खाच ही १ आणि २ चीच नक्कल असते आणि तिला वेगळा आवाज देताच येत नाही. काहींत हेडफोनला १-२ ऐकवावे की ३-४, हे ठरवणारे बटण असते. दोन्ही हेडफोन खाचांवर एकच आवाज येणारी उपकरणेही आहेत. म्हणून खरेदीआधी माहितीपुस्तिका उतरवून घ्यावी आणि आवाजाचा मार्ग दाखवणारी तिच्यातील आकृती पाहावी. ‘हेडफोन’ या चौकटीकडे येणारा बाण कोठून निघतो, हे त्या आकृतीत दिसते, आणि त्या एका बाणावर आपली निवड ठरू शकते. हेडफोनला स्वतंत्र ३-४ मिळत असेल तर ड्रमवादकासाठी एक लांब हेडफोन केबल पुरेल. मिळत नसेल तर ३-४ च्या लाइन आउटपुटला वेगळा छोटा हेडफोन अँप जोडावा लागेल. इनपुटच्या मोजणीलाही हेच लागू आहे, कारण ‘चार इनपुट’मधील दोघांनाच मायक्रोफोन प्रीअँप असणे सर्रास आढळते.

आता प्रीअँपविषयी. त्यांचा स्वतःचा खरखराट मोजणारा आकडा आजच्या साध्या इंटरफेसमध्येही उणे १२८ डीबीयूच्या आसपास असतो. १५० ओहमच्या स्रोतासाठी निसर्गनियमानेच जी सीमा पडते, ती उणे १३१ च्या जवळ आहे. म्हणजे सुधारणेला जागा जेमतेम तीन डेसिबलची उरते आणि ओठांजवळ धरलेल्या डायनॅमिक मायक्रोफोनच्या बाबतीत, शेजारी ड्रम वाजत असताना, तो फरक कोणालाही ऐकू येणार नाही. मंचावर उलट बाजूची अडचण अधिक येते. मोकळ्या गळ्याने गाणाऱ्याचा आवाज गेन (प्रीअँपने आवाज किती वाढवायचा ते प्रमाण) अगदी कमी ठेवूनही फाटतो का, हे पाहावे. गेनचा किमान बिंदू किती खाली जातो, हा आकडा परीक्षणांत क्वचितच कोणी सांगते आणि मंचावर तोच उपयोगी पडतो.

आउटपुट बॅलन्स्ड, म्हणजे केबलने वाटेत उचललेला गोंगाट मिक्सरवर वजा होईल अशा जोडणीचे असावेत, आणि त्यांची पातळी व्यावसायिक मिक्सरला साजेशी असावी. व्यावसायिक उपकरणांची प्रमाण पातळी अधिक ४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट असते. घरगुती उपकरणांची उणे १० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. या दोहोंत जवळजवळ १२ डेसिबलचे अंतर आहे. घरगुती पातळीचा इंटरफेस मिक्सरवर चालत नाही असे नाही, पण तेवढा गेन मिक्सरवर वाढवावा लागतो आणि केबलने वाटेत उचललेला गोंगाटही त्यासोबत वाढतो.

शेवटी हाताने करायची परीक्षा. उपकरण टेबलावर ठेवून त्याला एक्सएलआरच्या दोन जाड केबल लावाव्यात आणि त्या टेबलाखाली सोडाव्यात. अगदी हलके उपकरण केबलच्या वजनानेच मागे सरकते व कडेवर जाते. फँटम पॉवरचे (कंडेन्सर मायक्रोफोनला त्याच्याच केबलमधून वीज देणारे) बटण चुकून दाबले जाण्यासारखे आहे का, मुख्य आवाजाची मोठी मूठ बाहीचा धक्का लागून फिरते का, अंधारात दिवे वाचता येतात का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. ‘सुटसुटीत’ हे विशेषण मंचावर तोवरच गुण असते, जोवर उपकरण जागचे हलत नाही.

प्रश्न : आमच्या गायिकेला कानातल्या मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा ऐकू येतो. इंटरफेसच्या जाहिरातीत ‘अत्यल्प लेटन्सी’ (आवाजाला होणारा उशीर) असे लिहिले आहे आणि आम्ही बफर १२८ वर ठेवला आहे. १२८ म्हणजे नेमका किती उशीर, आणि तो मोजायचा कसा?

उत्तर : संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, तो नमुन्यांचे गठ्ठे करून घेतो आणि त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झवर सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात, त्यामुळे १२८ नमुन्यांचा गठ्ठा भरायला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. ६४ ला १.३, २५६ ला ५.३ आणि ५१२ ला १०.७ मिलिसेकंद. पण हा एका गठ्ठ्याचा हिशेब झाला. आवाज आत येताना एक गठ्ठा आणि बाहेर जाताना एक गठ्ठा लागतो, ध्वनीचे अंकांत आणि अंकांचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या चिपला स्वतःचा थोडा वेळ लागतो, आणि ड्रायव्हर अनेकदा सावधगिरी म्हणून आणखी थोडी जागा राखून ठेवतो, जी आपल्याला सेटिंगमध्ये दिसत नाही. म्हणून बफर सारखाच १२८ असला तरी दोन उपकरणांच्या प्रत्यक्ष उशिरात काही मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. जाहिरातीतील शब्दापेक्षा आणि सॉफ्टवेअरने दाखवलेल्या आकड्यापेक्षाही प्रत्यक्ष मोजणीवर विश्वास ठेवावा.

मोजणीची पद्धत दोन केबलांची आहे. इंटरफेसला स्पीकर जोडलेले नसावेत आणि त्याचे डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे इनपुटचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देण्याची सोय, बंद असावे. आउटपुट १ मधून एक केबल इनपुट १ मध्ये आणि आउटपुट २ मधून दुसरी केबल इनपुट २ मध्ये घालावी. दोन्ही इनपुट लाइन पातळीवर ठेवावेत. सॉफ्टवेअरमध्ये एक क्लिकचा ट्रॅक पूर्ण डावीकडे पॅन करावा, म्हणजे तो केवळ आउटपुट १ मधून निघेल. इनपुट १ ज्या ट्रॅकवर येतो, त्याचे मॉनिटरिंग सुरू करून तो पूर्ण उजवीकडे पॅन करावा, म्हणजे संगणकात शिरलेला क्लिक आउटपुट २ मधून पुन्हा बाहेर पडेल. इनपुट २ च्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद ठेवून दोन्ही ट्रॅक एकदम मुद्रित करावेत. आता तरंगाकृती मोठी करून पाहिली तर एकच क्लिक दोन ट्रॅकांवर थोड्या अंतराने उमटलेला दिसेल. ते अंतर म्हणजे आवाजाने संगणकात जाऊन परत बाहेर येण्याला लावलेला पूर्ण वेळ. ४८ किलोहर्ट्झवर अंतर ४८० नमुन्यांचे भरले तर उशीर १० मिलिसेकंदांचा. मुद्रण करणारी सॉफ्टवेअर उशीर भरून काढण्यासाठी ट्रॅक आपोआप मागे सरकवतात, त्यामुळे एका केबलची मोजणी फसवी ठरू शकते; येथे दोन्ही ट्रॅक सारखेच सरकत असल्याने ती अडचण राहत नाही. ज्या इफेक्टसह कार्यक्रम होणार आहे, ते इफेक्ट चालू ठेवूनही एकदा मोजावे. पुढचा आवाज आधी पाहून काम करणारे लिमिटर आणि लिनिअर-फेज इक्वलायझर स्वतःचा बराच उशीर त्यात मिसळतात, आणि मग दोष इंटरफेसला दिला जातो.

आता पोकळ आवाजाकडे वळू. गाताना गायिकेला स्वतःचा आवाज डोक्याच्या हाडांतून तत्क्षणी ऐकू येतो आणि तोच आवाज मॉनिटरमधून किंचित उशिरा येतो. दोन्ही मिसळताना काही कंपनसंख्या एकमेकींना मारतात. उशीर ५ मिलिसेकंदांचा असेल तर १०० हर्ट्झ, ३०० हर्ट्झ, ५०० हर्ट्झ अशा ठिकाणी खड्डे पडतात, आणि हा नेमका मानवी आवाजाचा पट्टा आहे. म्हणूनच कानात मॉनिटर घालून गाणारी व्यक्ती उशिराच्या बाबतीत सर्वांत संवेदनशील असते. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या २००७ च्या अधिवेशनात या विषयावरील प्रयोग मांडले गेले होते. त्यांत वाद्य व मॉनिटरच्या प्रकारानुसार सहन होणारा उशीर ४२ मिलिसेकंदांपासून थेट १.४ मिलिसेकंदांहून कमी इतका बदलताना आढळला. ‘अमुक मिलिसेकंद चालतात’ असा एकच नियम सर्वांना लावता येत नाही, तो यामुळेच. गिटारवादक अँपपासून तीन मीटर दूर उभा असतो, तेव्हा हवेतून येणारा आवाजही त्याला जवळजवळ ९ मिलिसेकंद उशिरा मिळतो आणि त्याची त्याला सवय असते.

आपल्या गायिकेसाठी उपाय बफर आणखी कमी करण्याचा नाही. तिचा मूळ आवाज संगणकातून फिरवून तिच्या कानांत देऊच नये. इंटरफेसमध्ये डायरेक्ट मॉनिटरिंग असेल तर मूळ आवाज तेथूनच थेट कानांत द्यावा आणि संगणकाकडून फक्त रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) घ्यावा, तोही पूर्णतः ‘वेट’ करून, म्हणजे त्यात मूळ आवाजाचा अंशही राहणार नाही. रिव्हर्ब मुळातच काही मिलिसेकंद उशिरा सुरू होतो, त्यामुळे संगणकाचा उशीर त्यात लपून जातो. मात्र संगणकातला मूळ आवाज बंद करायला विसरल्यास दोन्ही एकत्र येतील आणि पोकळपणा उलट वाढेल. मंचासाठी इंटरफेस पारखताना डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये प्रत्येक इनपुटची पातळी वेगवेगळी ठरवता येते का, हे पाहावे. नुसते एक चालू-बंद बटण असलेली सोय एकट्या गायकाला पुरते. दोघांना पुरत नाही.

प्रश्न : १९२ किलोहर्ट्झ आणि ३२ बिट फ्लोट असलेला इंटरफेस मंचावर अधिक चांगला ठरेल का?

उत्तर : मंचासाठी या दोन्ही गोष्टींवर अधिक खर्च करू नये. २४ बिटची सैद्धांतिक व्याप्ती १४४ डेसिबल आहे; प्रत्यक्षात उत्तम उपकरणेही १२० च्या आसपास थांबतात आणि सभागृहाला त्यापैकी थोडाच भाग वापरता येतो. ३२ बिट फ्लोटचा फायदा मुद्रणानंतर पातळी सावरता येण्यात आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमात ‘नंतर’ नसतेच. आवाज त्याच क्षणी आउटपुटमधून बाहेर जायचा असतो आणि आउटपुटला आपली मर्यादा असतेच. नमुन्यांचा वेग वाढवल्यास तेवढ्याच आकड्याचा बफर लवकर भरतो हे खरे, पण प्रोसेसरवरचा भार त्याच प्रमाणात वाढतो. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवावे आणि उरलेली शक्ती स्थिरतेसाठी राखावी.

प्रश्न : लॅपटॉपला चार्जर लावला की मंचावरच्या स्पीकरमधून घूं असा आवाज आणि माउस हलवताना बारीक चिवचिव ऐकू येते. चार्जर काढला की सगळे शांत होते. इंटरफेस बदलावा का?

उत्तर : बदलण्याची गरज बहुधा नाही. चार्जर काढताच आवाज थांबतो, यातच निदान आहे. लॅपटॉप चार्जरमार्फत एका ठिकाणी जमिनीशी जोडला गेलेला असतो, मिक्सर दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघांना जोडणाऱ्या ध्वनीच्या केबलच्या आवरणातून विद्युतप्रवाह फिरू लागतो. घूं हा विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा आवाज. चिवचिव ही लॅपटॉपच्या आतील हालचाल, जी यूएसबीच्या ग्राउंडवरून इंटरफेसमध्ये येते.

आधी केबल तपासाव्यात. इंटरफेसचे आउटपुट बॅलन्स्ड असूनही मध्ये दोन भागांची साधी गिटार केबल लावलेली असेल तर बॅलन्स्डचा फायदा शून्य होतो. तीन भागांची (टोक, कडे आणि बाहेरचे आवरण) टीआरएस केबल हवी. तरीही आवाज राहिला तर इंटरफेस आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचा दोन मार्गांचा डीआय बॉक्स घालावा आणि त्याचे ग्राउंड-लिफ्ट बटण दाबावे. ट्रान्सफॉर्मर ध्वनी पलीकडे देतो, पण तारेचा थेट संबंध तोडतो. काही जण चार्जरच्या किंवा मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हे कृपा करून कधीही करू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते, आणि तारांच्या गिटारवर हात व मायक्रोफोनच्या जाळीवर ओठ टेकवणाऱ्या माणसाला तिची गरज इतरांपेक्षा अधिक असते.

प्रश्न : लॅपटॉपऐवजी फोन किंवा टॅबलेट वापरायचा आहे. कोणताही इंटरफेस चालेल का, आणि कंडेन्सर मायक्रोफोन लावता येईल का?

उत्तर : पहिली अट अशी की इंटरफेस ‘क्लास कम्प्लायंट’ असावा, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न घालता यूएसबीच्या ठरलेल्या ध्वनी-नियमांनुसार तो चालावा. फोन व टॅबलेटवर निर्मात्याचा ड्रायव्हर घालण्याची सोय सहसा नसतेच. याच गुणामुळे तो मॅक आणि लिनक्सवरही जोडताच चालतो. विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओ २.० ची अंगभूत सोय २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये आली, तरी कमी उशिरासाठी तेथे निर्मात्याने दिलेला एएसआयओ ड्रायव्हरच वापरावा.

दुसरा प्रश्न विजेचा आहे. यूएसबी २.० ची खाच ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॉट देते. फँटम पॉवर ४८ व्होल्टची असून प्रमाणानुसार एका मायक्रोफोनला १० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो. म्हणजे तसे दोन मायक्रोफोन लावले की जवळपास १ वॉट तेथेच गेला, आणि ५ व्होल्टचे ४८ करताना होणारा तोटा वेगळा. उरलेल्या विजेवर प्रीअँप, रूपांतरक आणि हेडफोन अँप चालायचे असतात. म्हणून वेगळ्या वीजपुरवठ्यासाठी दुसरी खाच असलेला इंटरफेस निवडावा. तशी खाच असेल तर इंटरफेसला पॉवर बँक जोडता येते आणि फोनवरचा भार हलका होतो. दोन तासांच्या कार्यक्रमात फोनची बॅटरी कोठवर उतरते, हे आधी घरी पाहून ठेवावे. फोन विमान-मोडवर ठेवावा, हे ओघाने आलेच; ऐन गाण्यात वाजलेली घंटी स्पीकरमधून सर्वांना ऐकू जाते.

प्रश्न : मागच्या कार्यक्रमात आम्ही इंटरफेसच्या हेडफोन खाचेतून एका टीआरएस केबलने मिक्सरला आवाज दिला. कीबोर्ड ऐकू येत होता, पण ट्रॅकमधला मुख्य गायनाचा भाग आणि बास जवळजवळ नाहीसे झाले. इंटरफेस बिघडला आहे का?

उत्तर : इंटरफेस ठीक आहे, जोडणी चुकली. हेडफोनच्या खाचेतही टीआरएसच बसते, पण तेथे तिच्या भागांचा अर्थ वेगळा असतो. तेथे टोकावर डावा आवाज आणि कड्यावर उजवा आवाज असतो. मिक्सरचा बॅलन्स्ड इनपुट मात्र टोकावरच्या आवाजातून कड्यावरचा आवाज वजा करतो, कारण केबलने वाटेत उचललेला गोंगाट काढून टाकण्याची त्याची रीतच ती आहे. डाव्या-उजव्या दोन्हींत सारखेच असलेले सर्व काही त्या वजाबाकीत संपते. मुख्य गायन, बास, ड्रमचा मोठा ठोका हे मिश्रणात मध्यावर ठेवलेले असतात, त्यामुळे तेच गेले. बाजूंना पसरवलेला कीबोर्ड उरला. मिक्सरला नेहमी लाइन आउटपुटमधून, डाव्यासाठी एक आणि उजव्यासाठी एक अशा दोन स्वतंत्र केबलांनी आवाज द्यावा.

याच जोडणीत आणखी एक धोका आहे. मंचावरच्या मिक्सरचे एक्सएलआर इनपुट मायक्रोफोनसाठी असतात आणि अनेक मिक्सरवर फँटम पॉवरचे एकच बटण सर्व मार्गांना लागू असते. कोणाच्या तरी कंडेन्सर मायक्रोफोनसाठी ते दाबले गेले, की ४८ व्होल्ट आपल्या इंटरफेसच्या आउटपुटवर उलट दिशेने येतात. काही इंटरफेस ते सहन करतात, काहींचे आउटपुट निकामी होतात. माहितीपुस्तिकेत याविषयी स्पष्ट उल्लेख नसेल तर ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स मध्ये असू द्यावा. तो फँटम पॉवर अलीकडेच अडवतो, आणि वर सांगितलेल्या घूंचा बंदोबस्तही त्यातच होतो. माझ्या मते मंचावर जाणाऱ्या प्रत्येक छोट्या इंटरफेससोबत असा एक डीआय बॉक्स घ्यावाच, आणि त्यासाठी एक पायरी स्वस्त इंटरफेस घ्यावा लागला तरी घ्यावा.

प्रश्न : तालमीत सगळे सुरळीत चालते, पण कार्यक्रमात तासाभराने आवाज तुटू लागतो, कडकड ऐकू येते. एकदा इंटरफेस मध्येच बंद पडला. खरेदी करतानाच याची परीक्षा कशी करता येईल?

उत्तर : कडकड म्हणजे ठरलेल्या वेळेत गठ्ठा भरून तयार झाला नाही. दोन तासांच्या भाराने लॅपटॉप तापतो, तापल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि थंड खोलीतल्या तालमीत पुरलेला बफर अपुरा पडतो. म्हणून परीक्षा पूर्ण वेळेची हवी. नवा इंटरफेस परत करण्याची मुदत संपायच्या आत संपूर्ण कार्यक्रमाचे प्रोजेक्ट, सर्व इफेक्टसह, कार्यक्रमाच्या वेळेपेक्षा अर्धा तास अधिक चालवावे. सभागृहात असते त्याच स्थितीत, म्हणजे चार्जर लावून, पडदा पूर्ण प्रकाशित ठेवून आणि शक्य तर उबदार खोलीत. तुटकेपणा न येणारा सर्वांत लहान बफर कोणता, हे ठरवावे आणि कार्यक्रमासाठी त्याच्या एक पायरी वरचा वापरावा. वाय-फाय व ब्लूटूथ बंद असावेत, आणि विंडोजमध्ये वीज वाचवण्यासाठी यूएसबी खाचा झोपवणारी सोय बंद करावी. इंटरफेस मध्येच बंद पडण्यामागे ती सोय हे एक नेहमीचे कारण आहे.

दुसरे कारण खाच आणि केबल. छोट्या उपकरणांत यूएसबी-सीची खाच थेट सर्किट बोर्डवर बसवलेली असते आणि केबलला बसणारा प्रत्येक हिसका त्या सांध्यावर पडतो. जोडलेली केबल हलकेच चारही दिशांना हलवून पाहावी. संगणकावर जोडणी तुटल्याचा आवाज आला तर ते उपकरण तेव्हाच परत करावे. चौकोनी जुन्या पद्धतीची यूएसबी-बी खाच दिसायला ओबडधोबड असली तरी मंचावर ती अधिक टिकते, आणि दोन उपकरणे बाकी सारखी असतील तर मी तिच्या बाजूने कौल देईन. यूएसबी केबल आखूड असावी आणि हब मध्ये असू नये. लॅपटॉप दूर ठेवायचा असेल तर यूएसबी लांबवू नये. ध्वनीच्या बॅलन्स्ड केबल लांबवाव्यात, त्या कितीतरी मीटर निर्धास्त जातात.

एक परीक्षा मात्र मुद्दाम करावी. ट्रॅक वाजत असताना यूएसबी केबल उपटावी, पाच सेकंदांनी पुन्हा जोडावी आणि काय होते ते पाहावे. काही सॉफ्टवेअर व ड्रायव्हर इंटरफेस ओळखून लगेच वाजू लागतात, काहींना सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे लागते, आणि काही तोवर लॅपटॉपच्या स्वतःच्या छोट्या स्पीकरवर जाऊन बसतात. या परतीला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा आणि तो लिहून ठेवावा. तो मोठा असेल तर सगळे ट्रॅक मिसळून केलेली एक साधी फाइल दुसऱ्या फोनवर ठेवून तो फोन मिक्सरच्या वेगळ्या मार्गावर आधीच जोडून ठेवावा. हे मिश्रण दोन मार्गांत करावे, एका बाजूला संगीत आणि दुसऱ्या बाजूला क्लिक, आणि क्लिकचा मार्ग केवळ ड्रमवादकाच्या मॉनिटरला सोडलेला असावा. मंचावर केबल पुन्हा जोडण्याची वेळ आलीच, तर ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला खूण करून आधी मिक्सरवरचे आपले मार्ग बंद करवून घ्यावेत. कारण वीज मिळताच पुष्कळ छोट्या इंटरफेसच्या आउटपुटमधून जोराचा ‘धप्’ असा ठोका निघतो, आणि मोठ्या स्पीकरवर तो श्रोत्यांच्या कानांना आणि स्पीकरच्या पडद्यांनाही सोसत नाही.